दोनच हाका

विमानतळावर शेजारच्या काउंटरवरच्या अश्विनीनं फोन सिद्धीच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "हें तुमच्या कोरगावचेंच मगो?" पडद्यावर तांबड्या चौकटीत 'सावधान' असं होतं, त्याखाली एक फोन नंबर, त्याखाली मजकूर: या नंबरवरून फोन आल्यास उचलू नये, आजारपणाचं निमित्त सांगून लुबाडतात, कोरगावच्या एका बाईला नवरा मरत होता त्याच घटकेला या चोरानं फोन केला, पुढे पाठवा. सिद्धीनं मजकूर नंतर वाचला. आधी तिला नंबर दिसला. काही आकडे पाठ करावे लागत नाहीत. प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनवरचा भार, असे वापरून वापरून अंगात मुरतात आणि वापरणारा विसरला तरी ते विसरत नाहीत. हा नंबर तिनं कधीच वापरला नव्हता. तरी तो तसाच मुरला होता. काउंटरच्या पलीकडे एक माणूस काजूची पिशवी वजनकाट्यावर ठेवायची की हातात न्यायची, ते विचारत होता. सिद्धी म्हणाली, हातात. पट्टा सुरू झाला, कोणाची तरी निळी बॅग रबरी पडद्याआड गेली, आणि जिभेवर पितळेची चव आली, लहानपणी पाण्याच्या नळाला जीभ लावल्यावर यायची तशी. "आमच्या नार्व्याच्या ग्रुपावर आयलां हें," अश्विनी म्हणत होती. "डिचोलीचो आसा म्हणटात तो चोर. पंक्चराचें दुकान आसा म्हणे त्याचें. पोरांनी जावन फोडपाक जाय अशांक." सिद्धीनं पुढच्या माणसाचं ओळखपत्र हातात घेतलं. फोटोतला चेहरा आणि समोरचा चेहरा. हेच तर तिचं काम. दोन्ही एकच आहेत ना, एवढं पाहायचं आणि सोडून द्यायचं.

याच काउंटरवर जुलैतल्या त्या शुक्रवारी सगळे पडदे निळे झाले होते. एकामागून एक नव्हे, एकदमच; जणू कोणी आतून पापण्या मिटल्या. जगभर तसं झालं होतं, पण ते नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की रांग आहे, बॅगा आहेत, माणसं आहेत आणि कोण कुठे चाललं आहे याची माहिती कुठेच नाही. कोणीतरी बोर्डिंग पासच्या कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणून दिला आणि त्या सगळ्यांनी प्रवाशांची नावं हातानं लिहायला घेतली. सिद्धीला, खरं सांगायचं तर, त्या दिवशी बरं वाटलं होतं. भौतिकशास्त्र शिकून शेवटी बॅगा मोजायला बसलेल्या मुलीला असा दिवस सहसा मिळत नाही. एवढं मोठं यंत्र एका लहानशा चुकीनं बंद पडतं, म्हणजे ते कशाकशावर टेकलेलं असेल, याचा ती लिहिता लिहिता विचार करत होती. बोटाला शाई लागत होती. पेडण्याचं हे पठार, पूर्वी जिथे काजू आणि गुरं एवढंच होतं, ते तिला काही तासांपुरतं पुन्हा आपलं वाटलं होतं. मग यंत्र पूर्ववत झालं आणि मागून दुसरीच माणसं आली. तुमचं विमान रद्द झालं, परतावा देतो, ही लिंक दाबा. यंत्रं बंद पडल्यामुळे तुमचं खातं अडकलंय, आलेला आकडा सांगा. मोठ्या झाडाच्या पडण्यानं वाळवी उघडी व्हावी तशी ती बाहेर आली, आणि लोक गोंधळलेले होते, आणि खरोखरच काहीतरी बिघडलेलं होतं, त्यामुळे बिघडलंय म्हणून सांगणारा खरा वाटत होता. कामावर सूचना लागली, सावध राहा. सिद्धीनं ती वाचली आणि तिला घरी एकटी असलेली आई आठवली.

आई, शेवंती, माहेरची सातार्ड्याची. नदीपलीकडून आलेली, पण नदीपलीकडची भाषा तिनं कधी टाकली नाही. बाबा, शांताराम, डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर. खाणी बंद होत्या तेव्हा मिळेल ती गाडी हाकली आणि पुन्हा थोड्या खाणी सुरू झाल्या तसे परत तांबड्या धुळीत गेले. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचे. आईच्या हाताशी एक फोन आणि घराभोवती काजू. त्या फोनवर कोण काय बोलेल? गावातल्या बचतगटाच्या बायकांना देवळाच्या मंडपात बसवून सिद्धीनं सगळं समजावून सांगितलं होतं. ओटीपी म्हणजे काय, लिंक म्हणजे काय. बायका ऐकत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत ते उतरत नव्हतं. सुमंगलामामी म्हणाली, "तू शिकलेला चेडू गो, पण आमी वळखूचा कसा? चोर काय कपाळाक लावन येता?" आणि सगळ्या हसल्या. तेव्हा सिद्धीला ते सुचलं. तिनं लहानपणापासून पाहिलं होतं: तिनसांजेला आगरातून कोणी नाव घेऊन हाक मारली तर आई पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसरी मारील. 'तो' असेल, आगरातला देवचार, भूत, तर दोनवर थांबतो. आठवीत असताना हे तपासून पाहण्यासाठी सिद्धी फणसामागे लपली होती आणि आईला हाका मारल्या होत्या, मध्ये किती वेळ जातो ते मनात मोजत. आणि खिडकीतून तिला आईची पाठ दिसली होती, चुलीपुढे ताठ झालेली, हातातली पळी हवेत धरलेली, वाट बघणारी. तिसऱ्या हाकेला ती पाठ सैल झाली. प्रयोग यशस्वी झाला होता आणि तरी का कोण जाणे सिद्धी त्या दिवशी रडली होती. मंडपात तिनं तेच वापरलं. अनोळखी नंबर आला तर तीन हाका. तिसऱ्यांदा वाजला तरच उचलायचा. चोराला हजार नंबर फिरवायचे असतात, तो एकाच दारात थांबत नाही. आपलं माणूस थांबतं. बायकांच्या चेहऱ्यांवर एकदम दिवा लागला. "अशां सांग मगे!" सुमंगलामामी म्हणाली. आई तर अशी बघत होती, की मुलीच्या सगळ्या शिक्षणाचं आज काहीतरी झालं. त्या संध्याकाळी घरी येताना सिद्धीला आपला अभिमान वाटला होता. नवीन गोष्ट जुन्या भांड्यात ओतली आणि एक थेंब सांडला नाही. बाबा रविवारी आले तेव्हा तिनं त्यांच्याही फोनला कुलूप घातलं, चार आकड्यांचं. "माका खंयचो लुटतलो?" बाबा म्हणाले. "लुटपाक कितें आसा? धुळ?" पण घालू दिलं.

श्रावणात, दिवसाउजेडी, डिचोलीच्या रस्त्याला बाबांनी ट्रक बाजूला घेतला आणि समोरच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बाकावर बसले. छातीला हात लावून. आपला फोन त्यांनी काढला पण चार आकडे त्यांना आठवेनात. एक नंबर मात्र त्यांना पाठ होता, फोन आला तेव्हापासूनचा, आईचा. तो त्यांनी दुकानदाराला त्याच्या फोनवरून लावायला सांगितला. हे सगळं सिद्धीला संध्याकाळी हॉस्पिटलच्या दारात कळलं, त्याच दुकानदाराकडून. ट्रकच्या मालकानं तिला कामावर फोन करून बोलावलं तोवर सगळं संपलं होतं. दुकानदाराचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. "मी दत्ताराम," तो म्हणाला. "आमी दोडामार्गचे. हय पंक्चर काढतंय. वैनीक दोनदा फोन लावलंय गो बाय. त्येंका वैनीकडे बोलूचा हुता. बोलतत म्हणान मी फोन त्येंच्या कानाकडेच धरललंय. वाजत ऱ्हवलो. मगे ते कलांडले तशी गाडीत घालूक व्हयी हुती, माझो हात काय मोकळो ऱ्हवलो नाय." डॉक्टर म्हणाले, कोणी फोन उचलला असता तरी फरक पडला नसता. सिद्धीनं मान हलवली. फरक म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. एका राशीतून दुसरी वजा केल्यावर जे उरतं ते. एका बाजूला बाबांच्या कानाशी धरलेला काळ्या हातातला फोन, वाजणारा. दुसऱ्या बाजूला तोच फोन आणि आईचं 'हां, सांगा' एवढंच. वजा करून जे उरत होतं त्याला डॉक्टरांच्या यंत्रात जागा नव्हती.

चुका दोन जातींच्या असतात, हे तिला पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत शिकवलं होतं. खोट्याला खरं समजणं ही एक आणि खऱ्याला खोटं समजणं ही दुसरी. चाळणी बारीक केली की पहिली कमी होते आणि दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करता येत नाहीत. परीक्षेत तिनं याचं उत्तर आकृतीसह लिहिलं होतं. आणि मंडपात, ज्या दिवशी ते खरोखर उपयोगाचं होतं, त्या दिवशी तिला दुसरी चूक आठवलीही नाही. शिवाय गणितच उलटं होतं. चोराच्या यंत्राला थकवा नसतो. ते तीनदा काय, तीसदा वाजवेल. ज्याच्या हातात कोणी कलंडत नाही तोच निवांत तिसरी हाक मारतो. माणूस दोन मारतो आणि धावतो. देवचारांसाठी केलेला नियम तिनं माणसांवर लावला होता.

तिसऱ्या दिवशी आईनं फोन तिच्यापुढे केला होता. घरात बायका बसल्या होत्या, कोणी पेज आणली होती, कोणी चहा गाळत होती. "ह्यो नंबर कोणाचो गो?" आई म्हणाली. "त्याच दिसाचो आसा. दोनदा वाजलो. मी हातात धरून बसललंय, तिसऱ्यांदा वाजात म्हणान." ती सहज म्हणाली होती, आणि सिद्धीला ती पुन्हा चुलीपुढे दिसली, ताठ. फोन हातात, बोट त्या हिरव्या खुणेवर, श्वास धरून. इकडे ती आणि तिकडे ते, मध्ये फक्त एक नियम. सिद्धीनं नंबराकडे पाहिलं आणि म्हणाली, "चोराचो." एवढंच. शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की तो किती हलका होता. आईचे खांदे खाली आले. "बरा झाला," आई म्हणाली. "बरा झाला उचललंय नाय." आणि मग, जरा वेळानं, भिंतीकडे बघत, "त्या दिसाक सुद्धा?" बायकांमध्ये गटाची चिटणीस रूपाली होती. तिनं नंबर उतरवून घेतला. सिद्धीला ते दिसलं होतं. तिनं रूपालीचा अंगठा हलताना पाहिला होता, आणि ती म्हणू शकली असती, नको. पण नको म्हटलं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आईसमोर. तिनं चहाचा पेला घेतला. एका बाजूला आईचं उरलेलं आयुष्य होतं आणि दुसऱ्या बाजूला एका अनोळखी माणसाचा एक नंबर; तिनं तोलून पाहिलं आणि तोललं ते बरोबर आहे असं तिला वाटलं. कोरगावातल्या बायका. किती लांब जाणार?

ड्युटी संपल्यावर ती गाडीतळावर स्कूटरला टेकून उभी राहिली. चोर म्हणे डिचोलीचा आहे. पंक्चरचं दुकान आहे म्हणे. म्हणजे कोणीतरी नंबराचा माग काढला होता, दुकानाच्या पाटीवर तोच नंबर रंगवलेला असणार, आणि आता पाटीखालून जाणारा माणूस ती वाचत असणार. तिनं स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला, पहिल्यांदाच. बंद होता. बाई एका सुरात सांगत होती की हा नंबर सध्या सेवेत नाही, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. सिद्धीनं तिन्ही भाषा शेवटपर्यंत ऐकल्या. मग पठार उतरून, काजूंच्या मधून, ती घरी आली; वाटेत तिला सारखं वाटत होतं की आपल्या पाठीवर कोणीतरी वाचता येईल असं काही लिहिलं आहे.

आई पडवीत सुपारी सोलत बसली होती. सिद्धी चप्पल न काढताच तिच्यासमोर खाली बसली. तिनं ठरवलं होतं की सगळं क्रमानं सांगायचं, आधी काय, मग काय, प्रयोगाची नोंद सांगावी तसं. पण तोंड उघडलं आणि शेवटचंच आधी आलं. "आई, तो चोर नाय."

आईचा हात थांबला नाही. सालाची पट्टी लांब निघाली आणि मग तुटली. "माका खबर आसा," ती म्हणाली.

"कितें खबर आसा?"

"सगळा. दिवस करून झाले तेच्या दुसऱ्या दिसा मीच फोन लावललंय तेका. गाळी घालूक. म्हटला, मेल्या, माझो घोव मरत हुतो त्या टायमार तू माका लुटूक बघी हुतंस? सगळ्यो गाळी घातलंय, माहेरच्यो सुद्धा. तो गप आयकत ऱ्हवलो. मगे सांगल्यान." आईनं सुपारी टोपलीत टाकली. "रडलो तो. माझ्यापेक्षा जास्त रडलो. तेंका तान लागलली, पाणी दिल्यान म्हणालो. ता आयकान माका बरा वाटला."

"मगे माका सांगलंस नाय?"

"तुका कसा सांगू? नियम तुझो हुतो मा गो." आई आता तिच्याकडे बघत होती. "तू चोराचो म्हटलंस तेवां तुझा तोंड बघितलंय मी. पांढरा फट. म्हटला, चेडवाक कळला हा, आणि माका कळू नये म्हणान धडपडता. मगे मी पण धडपडलंय. तुका कळू नये माका कळला हा म्हणान. रूपालीक सांगान ता गटावरचा काढूक लावलंय असतंय, तर ती तुका इचारूक इली असती."

 म्हणजे दोन महिने या घरात दोघी एकमेकींना पातळ कपड्यानं झाकत होत्या, आणि झाकायला जे कापड वापरलं ते एका तिसऱ्याच माणसाच्या अंगावरून ओढलेलं होतं. त्याच्या काळ्या हातांवरून. तिनं अश्विनीच्या फोनवरचं सांगितलं, दुकान फोडायला हवं म्हणतात तेही सांगितलं. आईनं सुरी खाली ठेवली. "आत्ताच्या आत्ता लिव," ती म्हणाली. "नाय. लिवू नको. मी बोलतंय. आवाज लोक मानतले."

आईनं पदर सारखा केला, जसा कोणी फोटो काढताना करतात, आणि आपला फोन तोंडासमोर धरला. तिचा आवाज कापला नाही. मी शेवंती बोलतंय, शांतारामची बायको. तो नंबर चोराचो नाय. तो दत्ताराम, दोडामार्गचो, त्येनी माझ्या घोवाक शेवटचा पाणी दिल्यान. चूक आमची झाली. सगळ्यांनी पुसून टाका, जेंका जेंका धाडला तेंका सांगा. आणि थोडं थांबून: पाया पडतंय. सिद्धीनं ते गटावर पाठवलं. एक खूण आली, मग दोन खुणा, मग त्या निळ्या झाल्या. कोणी काही लिहीना. आई पडद्याकडे वाकून बघत होती, विहिरीत कळशी सोडून दोराचा ताण बघतात तशी.

मग रूपालीचा मजकूर आला, गटाच्या नावानं, तांबड्या चौकटीसकट. शेवंतीकाकींचा फोन हॅक झाला आहे. चोरानं काकींच्या आवाजाची नक्कल करून स्वतःला निर्दोष म्हणवून घेतलं आहे. तो मेसेज कोणीही पुढे पाठवू नये. काकींच्या नंबरवरून फोन आल्यास उचलू नये. त्याखाली अंगठे उमटू लागले, हात जोडलेले, धन्यवाद रूपालीताई, वेळेत सांगितलंत. सुमंगलामामीनं लिहिलं, आवाज ऐकूनच माका संशय आयलो, आमची शेवंती अशी बोलना. आवाजाची नक्कल होऊ शकते हे सिद्धीनंच त्यांना मंडपात शेवटी सांगितलं होतं, जाता जाता, कोणी विशेष ऐकत नव्हतं असं तिला वाटलं होतं. मग पडद्याच्या तळाशी एक ओळ आली की या गटात तुम्ही आता मजकूर पाठवू शकत नाही.

"काय म्हणता?" आईनं विचारलं. सिद्धीनं वाचून दाखवलं. आई ऐकत राहिली आणि मग हसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, छोटंसं, नाकातून. "म्हणजे मी ती मी न्हय?" ती म्हणाली. रूपालीचं घर चार आगरं पलीकडे होतं. उद्या सकाळी जाऊन दारात उभं राहता येईल, सुमंगलामामीच्याही. पण नार्व्याच्या दारात? डिचोलीच्या? ज्यांनी ते नार्व्याहून पुढे पाठवलं त्यांच्या? "परत लाव बघूया," आई म्हणाली. "माका आयकूदे. खंय चुकलंय मी?"

सिद्धीनं बोट ठेवलं. मी शेवंती बोलतंय, फोन म्हणाला. शेजारी आई ओठ मिटून बसली होती, आणि आवाज तिच्या बाजूनं येत नव्हता. तो खालून, हाताच्या तळव्यातून येत होता, जरा जास्त स्पष्ट, जरा जास्त सावकाश. पाया पडतंय, असं तो म्हणाला. आई कधी कोणाच्या पाया पडते? सिद्धीनं मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, दिवसभर काउंटरवर पाहते तसं. दोन्ही एकच आहेत ना, एवढंच तर पाहायचं होतं. आई तिच्या उत्तराची वाट बघत होती, आणि सिद्धीनं तो आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.